डिटर्मिनर म्हणजे एसटीतली रुमाल टाकलेली जागा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मराठी माध्यमातून शिकलात, चाकणच्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळता, रोज पाच-दहा इंग्रजी मेल लिहावे लागतात. परवा मुलीच्या पुस्तकात 'डिटर्मिनर्स' नावाचा धडा दिसला आणि गोंधळ उडाला. आपल्या वेळी 'माय', 'धिस' ही विशेषणं होती, 'अ' आणि 'द' ही उपपदं होती, 'सम', 'एनी', 'मेनी' आणखी तिसरीकडेच. आता ही सगळी एका टोपलीत कशी आली? आणि त्याने लिहिण्यात फरक काय पडतो? सोबत तुमच्याच एका मेलमधल्या चार ओळी पाठवल्यात:

'आय ॲम सेंडिंग रिपोर्ट ऑफ लास्ट मंथ. माय वन कलीग हॅज कलेक्टेड इन्फर्मेशन्स फ्रॉम मोस्ट ऑफ व्हेंडर्स. बोथ मशीन्स आर नॉट वर्किंग. प्लीज गिव्ह मी ॲन ॲडव्हाइस.'

या चार ओळींत पाच चुका आणि एक घोळ आहे, आणि सगळ्यांचं मूळ त्या टोपलीतच आहे. पंचवीस वर्षं मी मोठ्या माणसांना इंग्रजी लिहायला शिकवतोय. मराठीतून आलेल्या माणसाच्या वहीत हेच सहा प्रकार वर्षानुवर्षं सापडतात. तेव्हा वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या चुका वैयक्तिक नाहीत, त्या आपल्या भाषेच्या आहेत.

आधी टोपलीचं बघू. 'डिटर्मिनर' हा शब्द अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ लेनर्ड ब्लूमफिल्डने 1933 सालच्या आपल्या ग्रंथात वापरला. शाळेच्या पुस्तकांत तो उतरायला मात्र बरीच वर्षं गेली. तोवर व्याकरणकार लॅटिनच्या साच्यात इंग्रजी बसवत होते, म्हणून 'माय' विशेषण झालं. पण 'माय' विशेषणासारखं वागत नाही. 'बिग ओल्ड रेड हाउस' अशी तीन विशेषणं एकामागे एक लावता येतात. 'माय धिस हाउस' असं लावता येत नाही. 'व्हेरी बिग' चालतं, 'व्हेरी माय' चालत नाही. म्हणजे 'माय', 'धिस', 'अ', 'द', 'एव्हरी', 'विच', 'नो' हे शब्द दिसायला वेगवेगळ्या घरचे असले तरी जागा एकच मागतात.

ही जागा म्हणजे एसटीतली सीट समजा. नामाच्या आधी एक सीट आहे. कुणीतरी खिडकीतून रुमाल टाकला की ती धरली गेली, दुसऱ्याने तिथे बसायचं नाही. 'अ' बसला की 'माय' उभा. 'धिस' बसला की 'द' उभा. 'राजूज' बसला, म्हणजे 'राजूचं', तरीही सीट भरली, म्हणून 'द राजूज बुक' चुकीचं. 'द टीचर्स बुक' मात्र बरोबर, कारण तिथला 'द' टीचरचा आहे, पुस्तकाचा नाही. पुस्तकाच्या सीटवर 'द टीचर्स' हे अख्खं कुटुंब बसलंय.

काही शब्द सीट न मागता दारापाशी उभे राहतात: 'ऑल', 'बोथ', 'हाफ'. म्हणून 'ऑल माय बुक्स', 'बोथ द मशीन्स', 'हाफ ॲन अवर'. काही सीटच्या पलीकडे, नामाला चिकटून बसतात: आकडे, 'मेनी', 'फ्यू', 'अदर'. म्हणून 'माय टू डॉटर्स', 'द मेनी प्रॉब्लेम्स'. यापेक्षा खोलात जायची तुम्हाला गरज नाही.

गरज आहे ती पुढच्या नियमाची. माझ्या मते मराठी माणसाने डिटर्मिनरबद्दल एकच नियम पाठ करायचा असेल तर हा करावा: मोजता येणारं एकवचनी नाम इंग्रजीत बोडक्याने बाहेर पडत नाही. 'रिपोर्ट', 'मशीन', 'ऑफिस', 'ट्रक', 'फ्रेंड' यांपैकी कुठलंही एकटं दिसलं की थांबायचं आणि सीटवर कोण आहे ते बघायचं. 'अ' असेल, 'द' असेल, 'माय', 'धिस', 'एव्हरी', 'नो', काहीही असेल, पण काहीतरी हवं. मध्ये विशेषण घातलं म्हणून सुटका होत नाही. 'आय लिव्ह इन बिग हाउस' हे वाक्य मी हजारदा खोडलं असेल. लिहिणाऱ्याला वाटतं, नामाच्या आधी एक शब्द आहेच की. पण 'बिग' हा दागिना आहे, टोपी नव्हे.

याला अपवाद आहेत. 'बाय बस', 'हँड इन हँड', 'डे बाय डे' असे घट्ट बांधलेले प्रयोग आहेत. एकाच माणसाचं असलेलं पद बिनटोपीचं चालतं: 'शी वॉज इलेक्टेड सरपंच'. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत सगळेच बोडके फिरतात, आणि मथळे वाचून इंग्रजी शिकणाऱ्यांचं त्यात नुकसान होतं. पण मेलमध्ये नियम पाळा.

तुमचं पहिलं वाक्य इथेच अडकलंय. 'सेंडिंग रिपोर्ट' नाही, 'सेंडिंग द रिपोर्ट'. 'अ' का नाही आणि 'द' का, हा खरा प्रश्न, आणि इथे बहुतेक शिक्षक हात टेकतात. 'पहिल्यांदा अ, दुसऱ्यांदा द' असं सांगून पुढे सरकतात. ते अर्धंच खरं आहे. तुमच्या मेलमध्ये रिपोर्टचा उल्लेख पहिल्यांदाच आलाय, तरीही 'द' लागतो, कारण गेल्या महिन्याचा रिपोर्ट एकच असतो आणि वाचणाऱ्याला तो कोणता ते माहीत आहे.

मराठीत 'द' नाही असं आपण म्हणतो, तेही अर्धंच खरं. शब्द नाही, पण हिशेब आहे. ही दोन वाक्यं बघा: 'टेबलावर पुस्तक आहे.' आणि 'पुस्तक टेबलावर आहे.' पहिल्यात कुठलंतरी एक पुस्तक आहे, ऐकणाऱ्याला त्याची खबर नाही. दुसऱ्यात आपण ज्याबद्दल बोलतोय तेच पुस्तक आहे. इंग्रजीत पहिलं 'देअर इज अ बुक ऑन द टेबल', दुसरं 'द बुक इज ऑन द टेबल'. जे काम इंग्रजी 'अ' आणि 'द' कडून करून घेते, ते मराठीने शब्दांच्या जागेवर सोपवलंय. आता हे: 'मी ड्रायव्हर शोधतोय.' आणि 'मी ड्रायव्हरला शोधतोय.' पहिल्यात नोकरीवर माणूस ठेवायचाय. दुसऱ्यात ठेवलेला माणूस चहाला गेलाय आणि सापडत नाहीये. फरक एका 'ला'चा. इंग्रजीत पहिल्यात 'अ ड्रायव्हर', दुसऱ्यात 'द ड्रायव्हर'. हा फरक तुम्हाला कुणी शिकवला नव्हता, आईच्या मांडीवर आला. त्यामुळे 'मला अ आणि द कळत नाही' असं म्हणू नका. तुम्हाला कळतं, फक्त ते तुम्ही दुसऱ्या खिशात ठेवलंय.

वर्गात मी म्हणून हीच युक्ती सांगतो. अडलात की नामाच्या आधी मराठीत मनातल्या मनात 'तो', 'ती' किंवा 'ते' लावून बघा. समोरच्याने 'कोणता?' असं विचारलं नाही, तर 'द'. 'कोणता?' असं विचारावंसं वाटलं, तर 'अ'. इतिहासही या युक्तीच्या बाजूने आहे. इंग्रजीतला 'द' हा 'दॅट'च्याच कुळातला, म्हणजे मुळात दर्शक. आणि 'अ' व 'ॲन' हे जुन्या इंग्रजीतल्या 'एक' या अर्थाच्या शब्दाचे झिजलेले अवशेष. आधी 'ॲन' होता, त्यातला 'न' व्यंजनापुढे गळला आणि 'अ' उरला. हा 'न' इतका चंचल की कधी तो पुढच्या शब्दातून पळाला, कधी पुढच्या शब्दाला जाऊन चिकटला. स्वयंपाकघरातला 'एप्रन' मुळात 'नेप्रन' होता. 'अ नेप्रन' म्हणता म्हणता लोकांना 'ॲन एप्रन' ऐकू आलं. उलट 'निकनेम' मुळात 'एकनेम' होतं, म्हणजे वाढीव नाव. त्याला 'ॲन'मधला 'न' येऊन चिकटला. यातल्या 'एक'चा आपल्या 'एक'शी संबंध नाही, फक्त गमतीचा योगायोग.

'अ' आणि 'ॲन' यांच्यात गोंधळणाऱ्यांना देवनागरी हा मोठा आधार आहे, आणि शाळेत तो कुणी देत नाही. स्पेलिंग बघायचंच नाही. शब्द देवनागरीत लिहायचा आणि पहिलं अक्षर बघायचं. 'युनिव्हर्सिटी' य ने सुरू होते, म्हणून 'अ युनिव्हर्सिटी'. 'अवर' म्हणजे तास, अ ने सुरू होतो, म्हणून 'ॲन अवर'. 'एमएलए' ए ने, म्हणून 'ॲन एमएलए'. 'ॲन एफआयआर', 'ॲन एसएससी सर्टिफिकेट', 'ॲन एक्स-रे'. पण 'अ यूपीएससी कँडिडेट', 'अ वन-रुपी कॉइन', 'अ युरोपियन'. एकाच ठिकाणी जपा: वर्ष आणि कान, दोन्ही आपण 'इयर'च लिहितो. वर्षाच्या इंग्रजी शब्दात सुरुवातीला य चा स्पष्ट धक्का आहे, म्हणून 'अ इयर'. कानाच्या शब्दात तो नाही, म्हणून 'ॲन इयर'. आणि ज्यांच्या तोंडी 'एक'चं 'येक' होतं त्यांनी लिहिताना तो य विसरावा.

आता दुसरं वाक्य, 'माय वन कलीग'. महाराष्ट्रातून आलेला मेल ओळखायचा असेल तर एवढे तीन शब्द पुरेत. मराठीत 'माझा एक सहकारी', 'माझा एक मित्र' हे रोजचं आहे, आणि त्यातला 'एक' म्हणजे 'कुणीतरी'. आपण तो जसाच्या तसा उचलतो. पण 'माय वन फ्रेंड' वाचून इंग्रज माणसाला वाटतं, बिचाऱ्याला जगात एकच मित्र आहे. इथे सीटची अडचण आहे: 'अ' आणि 'माय' दोघांनाही तीच जागा हवी. इंग्रजीने तोडगा काढला तो असा की 'अ' ला बसू द्यायचं आणि मालकाला मागे पाठवायचं: 'अ कलीग ऑफ माइन'. 'हे माझं पुस्तक' म्हणायचं असेल तर तसंच: 'धिस बुक ऑफ माइन'. 'माय'चं 'माइन' होतं ते का, तेही दिसलं असेल. सीटवर असेल, पुढे नाम असेल, तर 'माय'. एकटं उभं असेल तर 'माइन'. डिटर्मिनर आणि सर्वनाम यांतला फरक एवढाच. 'धिस बुक'मधला 'धिस' डिटर्मिनर आहे, 'धिस इज माइन'मधला तोच शब्द सर्वनाम. परीक्षेत ओळखायला सांगितलं तर मुलीला म्हणावं, पुढे नाम आहे का एवढंच बघ.

दुसरा पर्याय 'वन ऑफ माय कलीग्ज'. इथे पुढची चूक दबा धरून बसलेली असते: 'वन ऑफ माय कलीग', 'वन ऑफ माय फ्रेंड'. मराठीत आपण 'माझ्या मित्रापैकी एक' म्हणत नाही, 'मित्रांपैकी' म्हणतो, अनुस्वारासकट. तो अनुस्वार इंग्रजीत 'एस' होऊन यायला हवा.

हे 'पैकी' मोठं कामाचं आहे. तुमचं 'मोस्ट ऑफ व्हेंडर्स' त्याच्यानेच सुधारतं. 'बहुतेक व्हेंडर' म्हणायचंय, म्हणजे जगातले कुठलेही, तर 'मोस्ट व्हेंडर्स', 'ऑफ' नको. 'आपल्या व्हेंडरांपैकी बहुतेक' म्हणायचंय, तर 'ऑफ' हवा, आणि 'ऑफ'नंतर सीट भरलेली हवी: 'मोस्ट ऑफ अवर व्हेंडर्स', 'मोस्ट ऑफ द व्हेंडर्स'. 'सम', 'मेनी', 'फ्यू', 'ईच' यांनाही हेच लागू. 'सम स्टुडंट्स' किंवा 'सम ऑफ द स्टुडंट्स'. मधलं 'सम ऑफ स्टुडंट्स' कुठेच नाही. मराठीत 'पैकी' म्हणावंसं वाटतं का, एवढं स्वतःला विचारलं की काम झालं.

'इन्फर्मेशन्स' आणि 'ॲन ॲडव्हाइस' एकाच माळेचे मणी. मराठीत सल्ले दोन असतात, बातम्या दहा असतात, सामानाचे नग मोजता येतात. इंग्रजीत 'इन्फर्मेशन', 'ॲडव्हाइस', 'न्यूज', 'लगेज', 'फर्निचर', 'इक्विपमेंट', 'होमवर्क', 'एव्हिडन्स', 'प्रोग्रेस' ही सगळी पाण्यासारखी आहेत. ओतता येतात, मोजता येत नाहीत. म्हणून 'अ' लागत नाही, 'एस' लागत नाही, 'मेनी' लागत नाही. मोजायचंच असेल तर भांडं हवं: 'अ पीस ऑफ ॲडव्हाइस', 'टू आयटम्स ऑफ इक्विपमेंट'. तुम्ही स्टोअर्स सांभाळता, तेव्हा 'इक्विपमेंट्स' हा शब्द तुमच्या रजिस्टरात पानोपानी असणार. तो आजपासून बंद करा. कोणतं नाम कुठल्या गटात जाईल याला तर्क नाही, हे मात्र मान्य करायला हवं. 'जॉब' मोजता येतो, 'वर्क' नाही. 'सूटकेस' मोजता येते, 'लगेज' नाही. शिकणाऱ्यांसाठीच्या चांगल्या शब्दकोशात प्रत्येक नामापुढे ते मोजता येतं की नाही याची खूण असते. मी आजही बघतो.

तिसरं वाक्य व्याकरणाने चुकलेलं नाही, पण सगळ्यांत महागात पडणारं आहे. 'बोथ मशीन्स आर नॉट वर्किंग.' तुम्हाला म्हणायचंय, दोन्ही बंद. वाचणारा असाही अर्थ घेऊ शकतो की दोन्ही नव्हे, एकच चालू आहे. माझ्या एका विद्यार्थ्याने परदेशातल्या पुरवठादाराला असंच लिहिलं, आणि दोन दिवसांनी उत्तर आलं: यातलं कोणतं बंद आहे? तोवर दोन्ही मशीन्स थंड. मराठीत 'दोन्ही' आणि 'नाही' सुखाने एकत्र नांदतात. इंग्रजीत नकार सीटवरच बसवावा लागतो: 'नीदर मशीन इज वर्किंग.' 'नीदर'नंतर नाम एकवचनी. हेच 'ऑल'चं. 'ऑल स्टुडंट्स डिड नॉट पास' याचे दोन अर्थ होतात. एकही पास नसेल तर 'नन ऑफ द स्टुडंट्स पास्ड', काही झाले आणि काही राहिले असतील तर 'नॉट ऑल द स्टुडंट्स पास्ड'. निकालाबद्दल लिहिताना हा फरक किती मोठा, ते सांगायला नको.

याच जातीचा पण उलट्या दिशेचा धोका 'फ्यू'मध्ये आहे. 'अ फ्यू' म्हणजे चार-दोन आहेत. नुसतं 'फ्यू' म्हणजे फारसे नाहीतच. 'आय हॅव अ फ्यू फ्रेंड्स हिअर' म्हणणारा समाधानी आहे, 'आय हॅव फ्यू फ्रेंड्स हिअर' म्हणणारा एकटा पडलाय. मराठीत हे काम आपला 'च' करतो: 'थोडे मित्र आहेत', 'थोडेच मित्र आहेत'. 'लिटल' आणि 'अ लिटल' यांचंही तसंच. स्टॉकबद्दल लिहिताना हा 'अ' विसरलात तर मालक घाबरून नवी ऑर्डर देईल.

मालकी दाखवणाऱ्यांबद्दल थोडं. मराठी माणूस खिशात हात घालतो, कुणाच्या खिशात आणि कुणाचा हात हे सांगत बसत नाही. इंग्रजीत 'ही पुट हिज हँड इन हिज पॉकेट', दोनदा 'हिज'. आपल्याला ते बावळट वाटतं म्हणून आपण गाळतो, आणि नाम बोडकं पडतं. दुसरं, 'सुनीताने आपल्या भावाला बोलावलं' यातला 'आपल्या' बाई-पुरुष बघत नाही. इंग्रजीत 'हर ब्रदर' म्हणावं लागतं, आणि ते मालकिणीकडे बघून ठरतं, भावाकडे बघून नाही. तिसरं, आपली 'आमची आई' इंग्रजीत 'माय मदर' होते. 'अवर मदर' लिहिलंत तर वाचणारा तुमच्या भावंडांना शोधू लागेल.

'द' एकदा कळला की लोक तो सगळीकडे मिठासारखा टाकतात, हा पुढचा टप्पा. 'द सोसायटी', 'द नेचर', 'द लाइफ', 'द इंडिया'. समाज, निसर्ग, आयुष्य अशा सर्वसाधारण अर्थाला 'द' नको. नद्या, समुद्र आणि डोंगररांगांना हवा: 'द गोदावरी', 'द अरेबियन सी', 'द हिमालयाज'. पण एकट्या शिखराला नको: नुसतं 'कळसूबाई', नुसतं 'एव्हरेस्ट'. जिल्ह्यात कलेक्टर एकच, म्हणून 'आय मेट द कलेक्टर'. विधानसभेत 288 आमदार, म्हणून कुणी एक भेटला तर 'ॲन एमएलए', आणि आपल्या मतदारसंघाचा भेटला तर 'अवर एमएलए'. 'इन हॉस्पिटल' म्हणजे भरती आहे, 'इन द हॉस्पिटल' म्हणजे त्या इमारतीत आहे, कदाचित डबा द्यायला गेलाय. अमेरिकन लोक मात्र भरतीलाही 'इन द हॉस्पिटल'च म्हणतात, त्यामुळे यावरून कुणाशी वाद घालू नका.

राहिलं तुमचं शेवटचं वाक्य. 'प्लीज गिव्ह मी सम ॲडव्हाइस' असं दुरुस्त करता येईल. पण ऑफिसच्या मेलमध्ये मी नामच काढून टाकेन आणि क्रियापद वापरेन: 'प्लीज ॲडव्हाइज'. शेवटी स नाही, झ चा उच्चार, आणि स्पेलिंगमध्ये 'सी'च्या जागी 'एस'. नामच नाही म्हटल्यावर सीटचा प्रश्न उरत नाही. तर मेल असा:

'आय ॲम सेंडिंग द रिपोर्ट फॉर लास्ट मंथ. अ कलीग ऑफ माइन हॅज कलेक्टेड इन्फर्मेशन फ्रॉम मोस्ट ऑफ अवर व्हेंडर्स. नीदर मशीन इज वर्किंग. प्लीज ॲडव्हाइज.'

फक्त पाठवण्याआधी तिसरं वाक्य पुन्हा वाचा. कोणती दोन मशीन्स ते समोरच्याला आधीपासून माहीत असेल तरच हे वाक्य चालेल. नसेल तर त्यांचे नंबर लिहा.